गिफ्ट लेटर

वुस्टरमध्ये मार्च म्हणजे रस्त्याकडेला काळपट बर्फ
आणि मीठ खाऊन गंजलेल्या गाड्या.
आमचीही त्यातलीच. दीड लाख मैल झाले तरी
बदलायची नाही, हे ठरलं
ज्या दिवशी बँकेत वेगळं खातं उघडलं
आणि श्रीरंगने त्याला नाव दिलं, छप्पर.

सहा वर्षं त्या छपराला आम्ही गळू दिलं
आणि खाली तळं साचायची वाट पाहिली.
माझ्या रात्रपाळीचे जादा डॉलर,
त्याच्या टॅक्सचा परतावा,
दोनदा रद्द केलेलं पुण्याचं तिकीट.
चुलतभावाचं लग्न मी फोनवर पाहिलं,
लॅबच्या फ्रीजला टेकून.
अंतरपाट दूर होताना सेंट्रिफ्यूज थांबलं
आणि मला नळ्या काढायला जावं लागलं.

घर तीन मजल्यांचं, लाकडी.
एकावर एक, तीन पुडांचा डबा.
खालच्या पुडात ओवुसूंचं कुटुंब,
वरच्यात एकटा रंगारी, त्याच्या शिड्या जिन्यात.
खालचं भाडं हप्त्याला,
वरचं टॅक्सला आणि तेलाला,
आणि आम्ही मधे, भाजीच्या पुडासारखे,
दोन्हीकडून ऊब घेत.
हे गणित मी इतक्या वेळा मांडलं
की कागदाला घडीवर भोकं पडली.

अकरा हजार कमी पडत होते.

वन्संनी पाठवले, फिचबर्गहून.
त्याच वन्संनी, ज्यांनी माझ्या लग्नात
मानपानाच्या साड्या उलगडून मोजल्या होत्या
आणि एक कमी निघाल्यावर
जेवणाच्या पंगतीत मोठ्याने सांगितलं होतं.

मग बँकेतल्या मॉरीनचा फोन.
बावीस तारखेला खात्यात आलेले हे पैसे कुणाचे?
उसने असतील तर ते कर्ज.
कर्ज असेल तर गणित पुन्हा.
भेट असेल, तर एक पत्र लागेल.

पत्र एका पानाचं.
'ही रक्कम भेट आहे. परतफेडीची अपेक्षा
आज नाही, पुढे कधीही नाही.'
वन्संनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
मी म्हटलं, नुसता कागद आहे हो,
पैसे आम्ही परत देणारच.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"मग मी सही कशावर करू?"

नळातून पाणी ठिबकत होतं.
श्रीरंग उठून ते बंद करायला गेला
आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

"कोऱ्या मनाने करायची असेल तर करते,"
वन्सं म्हणाल्या,
आणि केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट,
ओळीबाहेर गेलेलं.

पहिलं भाडं आलं तेव्हा
मी पाचशेचं पाकीट घेऊन फिचबर्गला गेले.
त्यांनी ते उघडलंही नाही.
चहाच्या कपाखालून माझ्याकडे सरकवलं.
"मला खोटं पाडतेस?"

बँकेचं कर्ज सोपं आहे.
तीनशे साठ हप्ते. एकोणीस फिटले,
तीनशे एक्केचाळीस बाकी,
शेवटच्याची तारीखसुद्धा छापलेली आहे.
आकडा दर महिन्याला मुंगीच्या पावलांनी खाली येतो.
मी तो बघते, मला झोप लागते.

अकरा हजारांना मात्र तारीख नाही.
ते कुठल्याच विवरणपत्रात नाहीत.
वन्सं रविवारी येतात,
बूट न काढता तळघरात उतरतात,
बॉयलरवर हात ठेवून बघतात
आणि वर येऊन विचारतात,
सत्तरवर का ठेवलंय? तेल फुकट येतं का?

मी दोन अंश खाली करते.
त्यांची गाडी कोपऱ्यावर वळते,
दिवे दिसेनासे होतात.
मी स्वेटर शोधते.